एक दालन पुरेसे असते

दिल्लीला गेल्यावर जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालय एकाच दिवसात संपूर्ण पाहण्याचा अट्टहास आपण धरू नये. संग्रहालयात पाय दुखतात ते चालण्याने कमी, एका जागी उभे राहण्याने अधिक. त्या वेळी पोटऱ्यांचे स्नायू फारसे हलत नाहीत. रक्त पायांत साचते आणि काहींना भोवळही येते. म्हणून थोड्या थोड्या वेळाने बसावे, पावले वरखाली हलवावीत, पाणी प्यावे.

हडप्पा संस्कृतीच्या दालनातील मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी अवघी साडेदहा सेंटिमीटर उंच. कमरेवर एक हात ठेवून ती ४,००० वर्षांहून अधिक काळ उभी आहे. तिच्यासमोर दहा मिनिटे निवांत घालवली, तरी दिवस सार्थकी लागतो. जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय दुसऱ्या दिवसासाठी राखावे. सोमवारी मात्र दोन्ही बंद असतात.

सोबत असणाऱ्या मुला-सुनांनी एक ध्यानात ठेवावे. ‘थकलात का?’ या प्रश्नाला आई-वडील बहुधा ‘नाही’ असेच उत्तर देतात. आपल्यामुळे इतरांचा विरस होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असते. तेव्हा विचारत बसू नये. स्वतःच आधी बाकावर टेकावे. तेही शेजारी येऊन बसतील.