पर्यावरणीय विषमता : एका अभ्यासक्रमाची जडणघडण

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांतून भारतीय विद्यापीठांत पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषणाचे प्रकार आणि त्यांवरील कायदे असा त्याचा सर्वसाधारण आराखडा आहे. संसाधनांचा न्याय्य वापर आणि प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन यांचाही त्यात उल्लेख आहे. मात्र तो उल्लेखापुरताच. प्रदूषण किती, हे विद्यार्थी शिकतो. ते कोणाच्या वाट्याला येते आणि का, हा प्रश्न बहुधा वर्गाबाहेरच राहतो.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत या प्रश्नाचा स्वतंत्र अभ्यासक्रम शिकविला जातो. ‘पर्यावरणीय वंशभेद’ आणि ‘पर्यावरणीय न्याय’ या त्याच्या मध्यवर्ती संकल्पना होत. विशेष म्हणजे या विद्याशाखेच्या उगमाशी एक साधा वर्ग आहे.

ह्यूस्टनचा नकाशा

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या नॉर्थवूड मॅनर या वस्तीजवळ १९७९ मध्ये कचराभूमीस परवानगी देण्यात आली. वस्तीतील ८० टक्क्यांहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय होते. पण ती झोपडपट्टी नव्हती. स्वतःच्या मालकीच्या घरांत राहणाऱ्या मध्यमवर्गीयांचे ते उपनगर होते. लिंडा मॅकीव्हर बुलार्ड या वकिलांनी रहिवाशांच्या वतीने दावा दाखल केला. त्यासाठी लागणारी आकडेवारी गोळा करण्याचे काम त्यांचे पती, टेक्सास सदर्न विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांच्याकडे आले. त्यांनी ते संशोधनपद्धती शिकणाऱ्या आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे सोपविले.

संगणकीय नकाशे तेव्हा हाताशी नव्हते. विद्यार्थ्यांनी जुन्या सरकारी नोंदी तपासल्या, जागा कागदी नकाशावर खुणावल्या आणि प्रत्यक्ष फिरून खात्री केली. ह्यूस्टन हे सपाट शहर असल्याने मध्येच दिसणारा उंचवटा म्हणजे बहुधा बुजविलेला कचराच असे. १९२० च्या दशकापासून १९७८ पर्यंतचे चित्र त्यांच्यापुढे आले, ते असे : महापालिकेच्या पाचही कचराभूमी, कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकी सहा आणि चार खासगी कचराभूमींपैकी तीन कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत होत्या. शहराच्या लोकसंख्येत मात्र त्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्केच होते. जमीनवापराचे विभाग ठरविणारा झोनिंगचा कायदा ह्यूस्टनमध्ये नाही. त्यामुळे कोणती सुविधा कोठे यावी, हे कोणत्याही नियमाने नव्हे, तर सत्ता कोणाच्या हाती आहे यावरून ठरत गेले, असे बुलार्ड यांचे प्रतिपादन होते.

पर्यावरणाला बाधक सुविधेच्या जागेला नागरी हक्कांच्या आधारे आव्हान देणारा हा पहिला दावा मानला जातो. रहिवासी तो हरले. न्यायाधीश गॅब्रिएल मॅकडोनाल्ड या स्वतः कृष्णवर्णीय होत्या. पुढे माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. वातानुकूलन नसलेल्या शाळेच्या इतक्या जवळ कचराभूमी आणणे शहाणपणाचे नाही, असे मत त्यांनी निकालात नोंदविले. तरीही परवानगी देताना भेदभावाचा हेतू होता, हे सिद्ध झाले नाही, म्हणून त्यांनी स्थगिती नाकारली. पुढे १९८५ मधील सुनावणीतही रहिवाशांच्या पदरी निराशाच आली.

हेतू की परिणाम?

अभ्यासक्रमाचा पहिला आणि सर्वांत कठीण धडा येथेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ आणि १९७७ मधील दोन निकालांत, घटनात्मक समतेचा भंग सिद्ध करण्यासाठी केवळ विषम परिणाम दाखविणे पुरेसे नसून हेतू दाखविला पाहिजे, असे ठरविले होते. पण अनेक दशकांत, अनेक अधिकाऱ्यांच्या हातून घडलेल्या निर्णयांमागे एकच हेतू शोधायचा कसा? नकाशा परिणाम दाखवितो; हेतू दाखवीत नाही.

दुसरा धडा मोजमापाचा. ह्यूस्टनच्याच खटल्यात न्यायालयापुढे आलेल्या अन्य आकडेवारीनुसार, राज्याच्या आरोग्य विभागाने परवानगी दिलेल्या १७ जागांपैकी निम्म्याहून अधिक जागा अल्पसंख्याकांचे प्रमाण २५ टक्के वा त्याहून कमी असलेल्या जनगणना विभागांत होत्या. बुलार्ड यांनी वस्ती हे एकक धरले होते, तर न्यायालयापुढे जनगणना विभाग हे एकक होते. शहर एकच, निष्कर्ष दोन.

हा वाद पुढे बराच रंगला. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील वॉरेन परगण्यात पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरण्याविरुद्ध आंदोलन झाले व ५०० हून अधिक जणांना अटक झाली. याच काळात ‘पर्यावरणीय वंशभेद’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या १९८७ च्या देशव्यापी अहवालाने, घातक कचऱ्याची केंद्रे कोठे आहेत याचा संबंध उत्पन्नापेक्षाही वंशाशी अधिक जुळतो, असे दाखविले. नॉर्थवूड मॅनरच्या मध्यमवर्गीयांचा अनुभव वेगळा नव्हता. परंतु मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांना १९९४ मध्ये जनगणना विभागनिहाय विश्लेषणात असा संबंध आढळला नाही. पॉल मोहाई व रॉबिन साहा यांनी २००६ मध्ये त्रुटी नेमकी दाखविली. अनेक केंद्रे विभागांच्या सीमेलगत असतात, त्यामुळे सीमेपलीकडचा शेजारी गणनेतून सुटतो. विभागाऐवजी केंद्राभोवती ठराविक अंतराचे वर्तुळ आखून मोजले असता विषमता पूर्वीच्या अंदाजांपेक्षा बरीच ठळक दिसली. संख्याशास्त्राच्या वर्गात रूक्ष वाटणारा एककाचा प्रश्न येथे थेट न्यायाचा प्रश्न होतो.

शासकीय पातळीवर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये कार्यकारी आदेश क्र. १२८९८ काढून संघराज्याच्या सर्व यंत्रणांना या विषमतेची दखल घेण्यास सांगितले. तो आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द करण्यात आला. कायद्याऐवजी आदेशावर उभ्या असलेल्या धोरणाचे आयुष्य किती, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

भारतीय वर्गासाठी

हा अभ्यासक्रम भारतात जसाच्या तसा आणता येणार नाही. येथे वंशाच्या जागी जात, जमात आणि वस्तीचा कायदेशीर दर्जा हे घटक येतात. पाण्याच्या प्रश्नापासून आरंभ केल्यास तो अधिक स्वाभाविक ठरेल. सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्कासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाटांचा स्पष्ट निर्देश आहे. परीक्षार्थी हे कलम समतेच्या प्रकरणात पाठ करतात. पर्यावरणाच्या प्रकरणात ते क्वचितच आठवते. निर्णयात स्थानिकांचा आवाज किती, या अंगाने नियमगिरीचा दाखला मोलाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर ओडिशातील १२ ग्रामसभांनी तेथील बॉक्साइट खाणीचा प्रस्ताव नाकारला.

नकाशा आखण्याच्या कामासाठी मुंबईचे देवनार हे उदाहरण जवळचे आहे. येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जात आला. टाटा समाजविज्ञान संस्थाही याच एम-पूर्व विभागात आहे. २०११ मध्ये, आपल्या अमृतमहोत्सवाच्या काळात, संस्थेने या विभागाच्या परिवर्तनाचा प्रकल्प हाती घेतला आणि परिसरातील वस्त्यांचे सर्वेक्षण केले.

आधी कचराभूमी आली की आधी वस्ती, हा प्रश्न अमेरिकेतील अभ्यासकांनी १९९० च्या दशकात आग्रहाने मांडला होता. कचराभूमीमुळे जमीन स्वस्त झाली आणि म्हणून गरीब तेथे येऊन राहिले, तर दोष जागा निवडणाऱ्याचा नसून बाजाराचा आहे, असा त्यामागील तर्क. देवनारमध्ये कचराभूमी आधीची आहे, हे खरे. परंतु तिच्या लगतच्या शिवाजी नगरची आखणी महापालिकेनेच पुनर्वसनासाठी केली, १९७६ मध्ये जनता कॉलनीतील कुटुंबे हलवून चिता कॅम्प वसविण्यात आला आणि पुढे रेल्वे व रस्ते प्रकल्पांतील विस्थापितांच्या इमारतीही मानखुर्द परिसरात उभ्या राहिल्या. या कुटुंबांनी ही जागा बाजारात निवडलेली नव्हती. ती त्यांना नेमून देण्यात आली होती. तेव्हा येथे विद्यार्थ्याने जमिनीच्या भावांइतकेच पुनर्वसनाचे आदेशही तपासावे लागतील आणि ते महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय व प्रकल्प प्राधिकरण अशा वेगवेगळ्या दप्तरांतून शोधावे लागतील.