तलफ : शरीराची, जागेची आणि ताणाची

विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. मागांच्या शेडमध्ये सुताचा तूस सतत उडत असतो व आगीला एक ठिणगी पुरेशी होते. म्हणून विडी ओढणाऱ्या कामगारास विडीसाठी बाहेरच यावे लागते. माग चालू असताना धागा तुटतो, कांडी संपते, लक्ष सारखे कामात गुंतलेले असते. त्या अवधीत तलफ फारशी जाणवत नाही. परंतु पाळी सुटते, चहाच्या गाड्यावरील स्टोव्हचा आवाज कानी पडतो, सोबती खिशातून काडेपेटी काढतो आणि तीच तलफ पाहता पाहता अनावर होते. शरीरातील निकोटीन तर त्या क्षणी एकाएकी कमी झालेले नसते. मग एवढ्या थोड्या वेळात बदलते ते काय?

या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर इस्रायलमधील विमान-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून मिळाले. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. विमानात धूम्रपानास मनाई असल्याने या कर्मचाऱ्यांना कधी तीन-चार तास, तर कधी दहा-बारा तास सिगारेटविना राहावे लागे. किती तास लोटले यावर तलफेची तीव्रता ठरत असती, तर लांबच्या प्रवासात मध्यावरच ती असह्य व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात प्रवास लहान असो वा मोठा, विमान उतरण्याची वेळ जवळ आली की तलफ वाढत असे. म्हणजे तलफेला घड्याळापेक्षा संधीची चाहूल अधिक कळते.

याचे मूळ रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगांत सापडते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञास असे आढळले की, अन्नाबरोबर नेहमी येणारा संकेत पुढे अन्नाशिवाय आला तरी कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटते. विडी-सिगारेटचे असेच आहे. धुराबरोबर आत गेलेले निकोटीन अवघ्या १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे सुखाची जाणीव देणाऱ्या डोपामिन या द्रव्याचा स्राव वाढविते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा, वर्षानुवर्षे हा अनुभव मिळाला की त्या वेळी भोवती जे जे असते ते ते मेंदू त्याच्याशी जोडून ठेवतो : चहाचा वास, जेवणानंतरची वेळ, एस.टी. स्थानकावरील टपरी, ठराविक मित्राचा चेहरा.

पुढे यांपैकी एखादा संकेत नुसता समोर आला तरी शरीर तयारीस लागते. प्रयोगशाळेत धूम्रपान करणाऱ्यांस पेटती सिगारेट किंवा तिचे चित्र दाखविले असता नाडीचे ठोके किंचित वाढतात, तळहातास घाम सुटतो, त्वचेचे तापमान उतरते. हे बदल लहान असतात, इच्छा मात्र प्रबळ होते. ‘मनात आणले तर कोणालाही सुटते’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, मनाने काही ठरविण्यापूर्वीच शरीराने उत्तर दिलेले असते.

महाराष्ट्रात ही गोष्ट केवळ धुरापुरती मर्यादित नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणारे त्यांत अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. तळहातावर मळलेल्या तंबाखूतील चुना निकोटीन तोंडाच्या त्वचेतून रक्तात उतरण्यास साहाय्य करतो. या मंडळींच्या बाबतीत संकेताचे काम चुन्याची डबी, चंची आणि तंबाखू मळणाऱ्या अंगठ्याची हालचाल करते. कचेरीत एकाने डबी उघडली की शेजारचा हात आपोआप पुढे येतो, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे.

ताणाची फसवी सोबत

संकेतांइतकाच दुसरा प्रबळ प्रेरक म्हणजे मनावरील ताण. मार्चअखेरची कामे, ग्रामसभेतील वादंग, मागाला सूत न मिळणे अशा प्रसंगी झुरका घेतला की बरे वाटते, अशी धूम्रपान करणाऱ्यांची दृढ समजूत असते. तो अनुभव खोटा नव्हे, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. निकोटीन नाडीची गती व रक्तदाब वाढविते, म्हणजे शरीराच्या दृष्टीने ते ताणात भरच घालते. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते व चिडचीड, अस्वस्थता सुरू होते. पुढची विडी ती अस्वस्थता शमविते आणि श्रेय मात्र चिंता घालविल्याचे घेते. विडीने लावलेली आग विडीच विझविते, असा हा व्यवहार आहे. याविषयीच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता, खिन्नता व ताण ही न सोडणाऱ्यांच्या तुलनेने कमी झाल्याचे त्यात दिसून आले.

तथापि, सोडल्यानंतरचे पहिले दिवस कठीण असतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात २००५ च्या सुमारास झालेल्या संशोधनात सिगारेट नुकतीच सोडलेल्यांना लोकांसमोर भाषण करावयास व तोंडी हिशेब करावयास सांगण्यात आले. ताण आला की शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते. ज्यांच्यात ही वाढ कमी झाली, तेच चार आठवड्यांत पुन्हा सिगारेटकडे वळण्याचे प्रमाण अधिक होते. दीर्घ सवयीने ताणाला तोंड देण्याची शरीराची यंत्रणाच बोथट होत असावी, असा याचा अर्थ लावला जातो.

अंगातील अस्वस्थता पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचते व दोन ते चार आठवड्यांत ओसरते. संकेतांचे तसे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात दिवस सिगारेट सोडलेल्यांपेक्षा ३५ दिवस सोडलेल्यांची संकेत पाहून जागी होणारी इच्छा अधिक तीव्र आढळली. ‘महिना झाला, आता काही भीती नाही’ असे वाटते तेव्हाच सावध राहावे लागते ते यामुळे.

विटा परिसरातील अनेक कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. त्यांतील एखाद्याने परगावी विडी सोडली, तर तेथील संकेतांची धार हळूहळू बोथट होते. परंतु यात्रेला वा लग्नकार्याला गावी येताच जुना पार, जुने सवंगडी आणि जुनी टपरी भेटते. हे संकेत त्याने विडीविना अनुभवलेलेच नसतात. घरच्यांस व मित्रांस हे ठाऊक असेल, तर पहिले दोन-चार दिवस त्याच्यापुढे विडी न धरण्याइतके सौजन्य ते सहज दाखवू शकतील.

विटा शहराने २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळविला होता. थोटके, रिकामी पाकिटे व पिचकाऱ्या नाहीशा होणे ही स्वच्छता तर खरीच, पण विडी सोडू पाहणाऱ्याच्या दृष्टीने तेवढे संकेतही कमी होतात. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवरही बंदी घातली. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत एक सुटी सिगारेट हाताशी नसणे, हेच या तरतुदीचे मर्म होय. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर विनामूल्य सल्ला मिळतो. ग्रामपंचायत कार्यालयात हा क्रमांक लावावयाचा झाल्यास तो चहा जेथे प्याला जातो, त्या भिंतीवर लावणे अधिक उपयुक्त ठरेल.