चावऱ्या कुत्र्याला दवाखान्यात नेताना

वस्तीत एखाद्या घरी मोती असतो, एखाद्या घरी टायगर. घरच्यांचा लाडका, गल्लीचा राखणदार. पण त्याला दवाखान्यात न्यायचे म्हटले की घरातले एकमेकांकडे बघू लागतात. "त्याला धरणार कोण?" या एका प्रश्नावर या वर्षीचे इंजेक्शन राहते, मग पुढच्या वर्षीचेही. गरीब स्वभावाच्या कुत्र्याला लस मिळते आणि चावऱ्याची चुकते. म्हणजे ज्याच्या दातांची भीती जास्त, नेमका तोच लसीवाचून राहतो.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकार कुत्र्यांमुळे होतात, आणि संशयित जनावराने चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालची मुले असतात. म्हणून कुत्र्याला दवाखान्यात कसे न्यावे, हा आपल्या मुलाबाळांच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

रागापेक्षा भीती मोठी

दवाखान्यात दात दाखवणारा कुत्रा बहुतेक वेळा घाबरलेला असतो. औषधांचा वास, परकी जनावरे, गुळगुळीत टेबल, वरून दाबून धरणारे हात, यांतून पळायला वाट नसते. चावण्याआधी तो सांगत असतो. तो ओठ चाटतो, उगाच जांभया देतो, कान मागे पाडतो, शेपूट पायांत घालतो, एकदम ताठरतो आणि मग गुरगुरतो.

गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. मार खाऊन ती बंद झाली, तरी भीती आत तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता चावतो. चौघांनी दाबून दिलेले इंजेक्शन आजचे काम भागवते, पण त्याच्या मनात दवाखान्याचे वैर पक्के करते.

आठ-पंधरा दिवस आधी

मळणीच्या वेळी बैलाला मुसके बांधतात, तसे जाळीचे मुसके कुत्र्यांसाठीही मिळते. ते एकदम तोंडावर आवळू नका. आधी त्यात मसाला न घातलेल्या उकडलेल्या कोंबडीचा तुकडा ठेवा आणि कुत्र्याला आपणहून तोंड घालू द्या. दोन-चार दिवसांनी क्षणभर पट्टा लावा, खाऊ द्या, काढा. हळूहळू वेळ वाढवा. जाळीत त्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, कारण कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो. तोंड घट्ट आवळणारी कापडी पट्टी डॉक्टरांच्या सांगण्याने काही मिनिटांपुरतीच ठीक. धाप लागलेल्या, उलटी होत असलेल्या किंवा बसक्या नाकाच्या कुत्र्याला ती बांधू नये.

याच दिवसांत रोज थोडा वेळ पंजे, कान, ओठ हाताळण्याची सवय लावा. जमल्यास एक-दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन, खाऊ देऊन, सुई न टोचता परत आणा.

जाण्याच्या दिवशी

डॉक्टरांना आधी फोन करून कुत्रा चावरा असल्याचे स्पष्ट सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही. न सांगण्यात मात्र त्यांना धोका आहे. गर्दी कमी असेल अशी वेळ मागा. घरी येऊन लस देतात का, तेही विचारा. कुत्रा ज्याचे ऐकतो अशा मोठ्या माणसानेच त्याला धरावे, लहान मुलांना सोबत नेऊ नये. गळ्याच्या पट्ट्यात दोन बोटे जातील एवढीच जागा ठेवा. सैल पट्ट्यातून घाबरलेला कुत्रा डोके काढून रस्त्यावर पळतो. मुसके घरातून निघतानाच घाला. नंबर येईपर्यंत इतर जनावरांपासून दूर, बाहेर सावलीत थांबा. टेबलाला बिचकत असेल तर जमिनीवरच तपासण्याची विनंती करा.

फारच बिथरणाऱ्या कुत्र्यासाठी घरून निघण्यापूर्वी द्यायची भीती कमी करणारी औषधे असतात. गरज पडल्यास डॉक्टर भूल देऊन तपासतात. तेव्हा उपाशी ठेवायचे का, हे आधी विचारावे. माणसांच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी आपल्या घरातली गोळीही कुत्र्याला घातक ठरू शकते.

स्वभाव अचानक बदलला तर

शांत कुत्रा एकाएकी अंगावर येऊ लागला तर कान, दात किंवा सांधा दुखत असेल. पण लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, चाल अडखळते आहे असे दिसले तर त्याला हात लावू नका. जमल्यास दार लावून घ्या, मुलांना दूर ठेवा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

चावलाच तर

जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. मांत्रिकाकडे घालवलेला दिवस जिवावर बेतू शकतो. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय किंवा आरोग्य केंद्र गाठा. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लसीचे सर्व डोस ठरल्या तारखांना घ्या. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून घरी बसू नका. निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक. लसीचे कार्ड घरच्या कागदपत्रांत जपून ठेवा आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेच्या पंधरा दिवस आधीच्या चौकोनात आणखी एक शब्द लिहून ठेवा: मुसके. तयारी त्या दिवशी सुरू झाली, की "धरणार कोण?" हा प्रश्न निम्मा सुटलेला असेल.