सोनेरी माशांचा श्वेतबिंदु-रोग

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं सोनेरी मासे असतील. माशाच्या अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसूं लागले, व तो दगडांस अंग घासूं लागला, तर त्यास श्वेतबिंदु-रोग झाला असें समजावें. मात्र विणीच्या हंगामांत नराच्या कल्ल्यांच्या झांकणांवर असेच बारीक ठिपके उठतात. तो रोग नव्हे.

प्रत्येक ठिपक्यांत त्वचेखालीं एक सूक्ष्म जीव वाढत असतो. तेथें त्यास औषध पोंचत नाहीं. पूर्ण वाढल्यावर तो गळून तळाशीं बसतो, त्याचे शेंकडों जीव होतात, व ते नवा मासा शोधीत पोहूं लागतात. त्याच वेळीं त्यांचा नाश करितां येतो. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असें मानूं नये. हे जीव कल्ल्यांत फार झाले, तर मासा गुदमरून मरतो.

यासाठीं आम्ही असें सुचवितों, कीं दर लिटर पाण्यास २ ते ३ ग्रॅम आयोडीनविरहित मीठ थोडें थोडें विरघळवून घालावें, तळ वारंवार स्वच्छ करावा, आणि ठिपके मावळल्यावरही दोन आठवडे उपाय सोडूं नये. गार पाण्यांत या जीवांची वाढ मंदावते. तेव्हां थंडींत अधिक धीर धरावा. नवा मासा प्रथम तीन आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवावा, म्हणजे रोग घरांत येण्याची भीति फारच कमी होते.