भाव कळला, पण कोणता आणि कधीचा?

वाशीम - येथील बाजार समितीत सोयाबीनचा भाव विचारला, तर एका आकड्यात उत्तर मिळत नाही. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर नोंदवले जातात. सोबत तारीख व क्विंटलमधील आवक असते. बियाण्यासाठी निवडलेल्या 'बिजवाई' सोयाबीनला तेलगिरणीच्या मालापेक्षा अधिक दर मिळतो, तर ओलावा जास्त असलेल्या मालाचा दर उतरतो. केवळ कमाल दर ऐकून माल आणणाऱ्याची निराशा होते, ती यामुळेच.

हीच अडचण आता संगणकासमोर उभी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'एजंट', म्हणजे सोपवलेले काम स्वतः पायऱ्या ठरवून पार पाडणारे प्रोग्रॅम, ताज्या भावासाठी बाहेरच्या साधनावर अवलंबून असतात. अशी साधने जोडण्याची 'मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धत अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. प्रत्येक साधनासोबत त्याचे लेखी वर्णन दिलेले असते आणि ते वाचूनच एजंट काय विचारायचे व उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे ठरवतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माहितीपत्रक लिहिण्याचा कंटाळा असतो, हे जगजाहीर आहे. येथे मात्र ते माहितीपत्रक हा यंत्राचाच एक भाग ठरतो.

भाव ब्लॉकचेनवरून येणार असेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. ब्लॉकचेन ही असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. तिला बाहेरचा बाजार दिसत नाही; तेथील दर आणून देण्याचे काम 'ओरॅकल' म्हणवणाऱ्या सेवा करतात. ही नोंदवही सहसा पूर्णांकच ठेवते. चेनलिंक या सेवेच्या डॉलरमधील बहुतेक दरांत शेवटचे आठ अंक दशांश चिन्हानंतरचे मानायचे असतात. म्हणजे एक डॉलर हा १०,००,००,००० असा दिसतो. वर्णनात हे लिहिलेले नसेल, तर एजंट तो आकडा दहा कोटी डॉलर म्हणूनही वाचू शकेल. शिवाय हे दर क्षणोक्षणी बदलत नाहीत. भाव ठराविक टक्क्यांनी हलला किंवा ठराविक मुदत उलटली, तरच नवी नोंद होते. म्हणून आकड्यासोबत नोंदीची वेळ हवी. पिथ ही दुसरी सेवा तर भाव किती पुढेमागे असू शकेल, याची मर्यादाही कळवते.

हे तपशील गळाले की काय होते, याचे दाखले आहेत. जून २०१९ मध्ये सिंथेटिक्स या व्यवहारप्रणालीत दक्षिण कोरियाच्या वॉनचा दर एका स्रोताच्या चुकीमुळे हजारपट नोंदला गेला. एका स्वयंचलित प्रोग्रॅमने तेवढ्यात कागदोपत्री शंभर कोटी डॉलरहून अधिक नफा कमावला. सुदैवाने त्याच्या मालकाने पुढे व्यवहार उलटवण्यास संमती दिली. मे २०२२ मध्ये लुना हे आभासी चलन कोसळताना त्याचा नोंदवलेला दर सुमारे ०.१०७ डॉलरवर थांबला. बाजारात भाव त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत घसरला, तरी व्हीनस ही कर्जप्रणाली थांबलेलाच दर खरा मानत राहिली. स्वस्तातले लुना तारण ठेवून कर्जे उचलली गेली आणि सुमारे १.१२ कोटी डॉलरचा खड्डा पडला.

ओरॅकल सेवांचे अनेक दर आभासी व परकीय चलनांचे आणि धातूंचे असतात. उद्या त्यांत वाशीमचे सोयाबीन आले, तर वर्णनात बरेच काही लिहावे लागेल. दर रुपयांत व प्रतिक्विंटल आहे. तो वाशीमचा आहे, कारंजा किंवा रिसोडचा नव्हे. सर्वसाधारण आहे, कमाल नव्हे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेले ५,३२८ रुपये हा हमीभाव आहे, बाजारभाव नाही. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरिपात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली होती. वायद्याच्या दराचीही तीच गत. सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे स्थगित केले आणि ही मुदत पुढे वारंवार वाढवली; जुन्या नोंदीतील शेवटचा आकडा मात्र मागणाऱ्याला आजही मिळू शकतो.

बाजार बंद असलेल्या दिवसाचे काय, हेही वर्णनात हवे. त्या दिवशी साधनाने 'भाव उपलब्ध नाही' असेच कळवायला हवे. त्याऐवजी शून्य पाठवले, तर एजंट सोयाबीन फुकट आहे असे धरून पुढचा हिशेब करील.