शेमा कधी म्हणायचा?

उदगीरचं नाव मराठी इतिहासात येतं ते फेब्रुवारी १७६० मुळं. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं नमवलं आणि वर्ष उलटायच्या आत पानिपत घडलं. लहानपणापासून हे आम्ही किल्ल्याच्या बुरुजावर बसून ऐकत आलो. १७६० च्याच मे महिन्यात, आज युक्रेनमध्ये असलेल्या मेझिबिझ या गावी इस्रायल बेन एलिएझर नावाचा एक ज्यू सत्पुरुष वारला, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. लोक त्याला ‘बाल शेम तोव्ह’ म्हणत. पूर्व युरोपातल्या हसिदी पंथाचा तो मूळपुरुष.

त्याची शिकवण ऐकताना मराठवाड्यातल्या माणसाला परकं वाटत नाही. देव नाही अशी जागा नाही. अडाण्याची मनापासूनची हाक पंडिताच्या पाठांतरापेक्षा उणी नाही. आनंदानं, गाऊन, नाचून भजावं. त्यानं स्वतः ग्रंथ लिहिला नाही, शिष्यांनी आठवणी सांगितल्या आणि त्या पुढं १८१४–१५ च्या सुमारास छापल्या गेल्या. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी तरी कुठं ग्रंथ लिहिला? म्हाइंभटांनी पायपीट करून लीळा गोळा केल्या, म्हणून ते आपल्याला भेटतात.

इथंच थांबून ‘सगळे संत सारखेच’ म्हणण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. हसिदी माणूस कितीही नाचला तरी ज्यू धर्मशास्त्रातल्या ६१३ आज्ञांच्या चौकटीतच नाचतो. काय खावं, दिवा कधी लावावा, काडीमोड कसा लिहावा, या प्रश्नांत त्याचा देव असतो. विल्ना शहरातल्या थोर पंडितांनी १७७२ मध्ये या पंथावर बहिष्कार घातला, त्यामागची एक मोठी भीती हीच होती की भक्तीच्या भरात शास्त्राचा अभ्यास सुटेल. तो सुटला नाही. याच पंथातले लिआदीचे श्नेऊर झाल्मान स्वतः धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक होते, आणि त्यांनीच १७९६ मध्ये ‘तान्या’ हा ग्रंथ छापून हसिदी विचाराला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. या ग्रंथाचा नायक सिद्धपुरुष नाही. तो मधला माणूस आहे. त्याच्या मनात वाईट येतं, रोज येतं, पण तो त्याला हाताचा, जिभेचा आणि चित्ताचा ताबा घेऊ देत नाही. ही लढाई आयुष्यभर संपणार नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी तो खचत नाही. मी वाचलेल्या धर्मग्रंथांत सामान्य माणसाला इतक्या आदरानं वागवणारं पुस्तक विरळा.

त्याच १७९६ साली मुंबईत मांडवीला सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ‘शाआर हा-राहामीम’, म्हणजे दयेचं द्वार, हे प्रार्थनामंदिर बांधलं. दिवेकरांना आपल्याकडं सामाजी हसाजी म्हणत. ते कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. प्रार्थनामंदिराला बेने इस्रायली लोक आपल्या मराठीत ‘मशीद’ म्हणत. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं नाव पाडलं ‘शनवार तेली’. आडनावं गावांची: किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर. आपल्या उदगीरकरांसारखीच.

या लोकांजवळ शतकानुशतकं ग्रंथ नव्हते. आठव्या दिवशी सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, आणि ‘शेमा’ ही देवाच्या एकत्वाची प्रार्थना, एवढंच उरलं होतं. मध्ययुगातले सर्वांत मोठे ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेस यांनी इ.स. १२०० च्या आसपास एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे: त्यांना शास्त्र माहीत नाही, शब्बाथ आणि सुंता तेवढी पाळतात. हे वर्णन कोकणातल्या तेल्यांना लागू पडतं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

मग एकोणिसाव्या शतकात ग्रंथ आले, आणि ते मराठीतून आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. शिकणाऱ्यांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत पेसाह सणाला वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी हिब्रू-मराठीत शिळाछापावर निघाली. १८७४ च्या पुण्याच्या हग्गादेत तर साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे डेव्हिड ससून यांच्या मुंबईतल्या शाळेचे हेडमास्तर आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. त्यांनी प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. हिब्रू संक्षेपांचा उलगडा करणारं पुस्तकही लिहिलं. अशा कोरड्या, किचकट कामाशिवाय कुठलीही ज्ञानपरंपरा उभी राहत नाही, म्हणून या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

आणि १८८० मध्ये बेने इस्रायलींनी कीर्तन उचललं! बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्या पुढाकारानं पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी या थाटात अब्राहाम आणि योसेफ यांची आख्यानं मराठीत रंगू लागली. पुस्तक पोचलं नाही तिथं कथा पोचली. मेझिबिझच्या त्या सत्पुरुषाला यांनी पाहिलं नव्हतं, पण गाण्यातून धर्म शिकवायची वाट दोघांनाही सापडली.

धर्मशास्त्राचा जाच मात्र पुढं सोसावा लागला. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नांबाबत तिथल्या मुख्य धर्मपीठानं शंका काढली: काडीमोड आणि दिराशी पुनर्विवाह यांचे नियम यांच्या पूर्वजांनी नीट पाळले होते का? १९६२ मध्ये वंशाची चौकशी करण्याचे आदेश निघाले. लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले, धरणं धरलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला की हे सर्वार्थानं ज्यूच आहेत. ज्यांनी पुस्तकाविना धर्म जपला, त्यांनाच पुस्तक दाखवून दारात अडवलं गेलं. मला हा अन्यायच वाटतो.

हसिदी परंपरेचं आपल्याकडचं घर म्हणजे कुलाब्याचं नरिमन हाउस. श्नेऊर झाल्मान यांच्या खबाद शाखेचं ते केंद्र. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात रब्बी गॅव्रिएल आणि रिवका होल्ट्झबर्ग तिथंच मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणाऱ्या सॅन्ड्रा सॅम्युएल यांनी जिवावर उदार होऊन बाहेर काढलं. २०१४ मध्ये ते केंद्र पुन्हा उघडलं.

ज्यू शास्त्र एकट्यानं वाचायचं नसतं. दोघं समोरासमोर बसून भांडत वाचतात. माझे जोडीदार महानुभाव पंथातले एक स्नेही. सूत्रपाठावरची आचारस्थळ, विचारस्थळ ही भाष्यं त्यांच्या सरावातली. त्यामुळं एका वाक्यावर चार पिढ्यांचे अर्थ, हा प्रकार त्यांना नवा नव्हता. आम्ही मिश्नेच्या पहिल्याच वाक्यावर तीन संध्याकाळी बसलो. सगळ्या ज्यू धर्मशास्त्राचा तो महाग्रंथ सुरू होतो एका साध्या प्रश्नानं: संध्याकाळचा शेमा कधीपासून म्हणायचा? म्हणजे कोकणातल्या घाण्यावर जे एवढंच उरलं होतं, तिथूनच.

आणि कधीपर्यंत? याची उत्तरं तीन. रब्बी एलिएझर म्हणतात, रात्रीचा पहिला प्रहर संपेपर्यंत. इतर पंडित म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गामलिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. त्यांची मुलं एकदा जेवणावळीहून उशिरा घरी आली आणि म्हणाली, आम्ही शेमा म्हटला नाही. बाप रागावला नाही. पहाट झाली नसेल तर अजून म्हणायचा आहे, एवढंच बोलला.

स्नेही म्हणाले, “पण पहाट झाली हे ओळखायचं कसं?”

मी पान उलटलं. पुढचा प्रश्न सकाळच्या शेमाचा होता: तो कधीपासून म्हणायचा? निळं आणि पांढरं वेगळं दिसू लागलं की.