दोन रेघांची एक होते तेव्हा

संगणकाच्या काळ्या पडद्यावर एखाद्या अवजाराचं नाव लिहून पुढे दोन आखूड आडव्या रेघा आणि 'हेल्प' टाकलं, की बहुतेक अवजारं आपली माहिती सांगू लागतात. हीच ओळ अवजाराच्या मदतपुस्तिकेत नीट खूण न करता लिहिली असेल, तर पानं तयार करणारी प्रणाली त्या दोन रेघा जोडून एक लांब रेघ करू शकते. छापील मजकुरात ती छान दिसते. वाचणारा मात्र ती ओळ उचलून पडद्यावर चिकटवतो आणि संगणक सांगतो, हा पर्याय मला माहीत नाही. अवजारात दोष नसतो, वाचणाऱ्यानेही काही चुकवलेलं नसतं. चूक पुस्तिकेतल्या खुणांची असते.

मी रिसोड तालुक्यातल्या केनवडला राहते. गावातल्या मुलांना संगणक शिकवते आणि उरलेल्या वेळात मुक्त सॉफ्टवेअरच्या इंग्रजी पुस्तिकांमधल्या अशा चुका दुरुस्त करून पाठवते. मोठ्या शहरातल्या कंपनीत अडलेला माणूस शेजारच्या टेबलावर विचारतो. इथे रात्री एकटीने शिकत बसलेल्या मुलीला विचारायला कोणी नसतं. समोरचं पान हाच तिचा शिक्षक. पानाने चुकीची ओळ दिली, तर तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मला या कामाची ओढ लागली ती त्यामुळे.

या खुणांना मार्कअप म्हणतात. लेखक साधा मजकूर टाइप करतो आणि हे शीर्षक, हा ठळक शब्द, ही आज्ञा, असं चिन्हांनी दाखवतो. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये अ‍ॅरन स्वॉर्ट्झ यांच्या मदतीने मार्कडाउन ही सुटसुटीत पद्धत आणली आणि ती सगळीकडे पसरली. पायथन भाषेची पुस्तिका आधी लाटेक नावाच्या मार्कअपमध्ये लिहिली जायची. पुढे ती डेव्हिड गुडजर यांच्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या पद्धतीत आली. तिची पानं तयार करण्यासाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स हे अवजार लिहिलं आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं.

मार्कडाउन आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या दोन पद्धती दिसायला सारख्या आहेत, आणि सगळ्यात जास्त चुका तिथूनच येतात. कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातलं तिरकं चिन्ह, म्हणजे बॅकटिक, मार्कडाउनमध्ये आज्ञेच्या दोन्ही बाजूंना एकेक पुरतं. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये त्याच कामाला दोन्ही बाजूंना दोन-दोन लागतात. एकेकच दिला, तर आज्ञा नुसती तिरक्या अक्षरांत उमटते. मग तिच्यातल्या रेघा आणि अवतरणचिन्हं शोभेसाठी बदलली जातात, आणि सुरुवातीला सांगितलेला प्रकार घडतो.

काही चुकांमध्ये मजकूरच नाहीसा होतो. मार्कडाउनमध्ये 'इथे फाइलचं नाव लिहा' हे दाखवायला कोनी कंसात इंग्रजी शब्द टाकला आणि आज्ञेची खूण केली नाही, तर ब्राउझर त्याला एचटीएमएलचा टॅग समजतो आणि पानावर काहीच दिसत नाही. गुणाकाराचे दोन तारे मोकळी जागा न सोडता एका ओळीत आले, की तारे जातात आणि मधला आकडा तिरका होतो. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये यादीच्या आधी रिकामी ओळ राहिली नाही, तर क्रमाने करायच्या पायऱ्या एकाच परिच्छेदात कोंबल्या जातात.

दुरुस्तीची माझी रीत ठरलेली आहे. आधी सगळी पानं स्वतःच्या संगणकावर तयार करायची. तेव्हा स्फिंक्स इशारे देतो: या ओळीत तारा उघडला पण मिटला नाही, शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड पडली. एकेरी बॅकटिकवर तो गप्प राहतो, कारण नियमाने ती खूण चालते. ती पकडायला स्फिंक्स-लिंट नावाचं वेगळं अवजार आहे. तरीही सरसकट 'शोधा आणि बदला' करायचं नाही, कारण शेलच्या, म्हणजे त्या काळ्या पडद्यावरच्या, आज्ञेत बॅकटिक हा आज्ञेचाच भाग असू शकतो. एका बदलात एकाच जातीची चूक घ्यायची आणि अर्थाला हात लावायचा नाही. तपासणाऱ्याला काय बदललं ते एका नजरेत कळलं पाहिजे. शेवटी तयार पान उघडून प्रत्येक आज्ञा चालवून बघायची.

मराठीत पुस्तिका लिहायला घेतली, की आणखी एक अडचण येते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात: फाइलला, फाइलने, फाइलमध्ये. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला मिटणाऱ्या खुणेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतं. 'फाइल' ठळक करायला दोन-दोन ताऱ्यांत घालून लगेच 'ला' जोडला, तर खूण मिटलीच नाही असं धरलं जातं. अशा वेळी खुणेनंतर उलटी तिरकी रेघ आणि एक मोकळी जागा द्यायची. पान तयार होताना दोन्ही गळून पडतात आणि 'ला' जागेवर येतो. मार्कडाउन इथे सैल आहे, पण ताऱ्यांच्या आत शब्द अवतरणचिन्हांत असला आणि बाहेर प्रत्यय आला, की तेही अडखळतं.

विकिपीडियाच्या प्रणालीने मात्र मराठीची ही गरज ओळखली आहे. मराठी विकिपीडियावर [[वाशिम]]ला असं लिहिलं, की 'ला' सकट सगळा शब्द दुवा होतो, कारण तिथल्या नियमांत देवनागरी अक्षरांची सोय केलेली आहे. भाषा जाणणाऱ्यांनी मागितलं, तर अवजारं वळतात, हे यावरून दिसतं.

या कामाला मोठा प्रोग्रामर असावं लागत नाही. बारकाईने वाचणारा, पान आणि त्याचा मूळ मजकूर शेजारी ठेवून ताडून बघणारा माणूस लागतो. मराठी शिकवणारे, मुद्रितं तपासणारे, कॉलेजात शिकणारे, सगळ्यांना हे जमेल. पुस्तिकेतली आज्ञा चालली नाही, तर स्वतःला दोष देण्याआधी पानाचा मूळ मजकूर उघडून बघा. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो सगळ्यांना खुला असतो. खूण चुकलेली दिसली तर दुरुस्त करून पाठवा, म्हणजे तुमच्यानंतर त्या पानावर येणारा तिथे अडकणार नाही.